हेळव्याची वही आणि पुतण्याचं झाड

रजईला खोळ घालणं हे दोघांचं काम. एकानं आत हात घालून टोक पकडायचं, दुसऱ्यानं बाहेरून ओढायचं. आम्ही नवरा-बायकोनं मिळून केलेलं शेवटचं काम हेच. संक्रांत होऊन आठवडा झाला होता. जयपूरच्या विद्याधर नगरातल्या आमच्या घराच्या गच्चीवर ऊन चांगलं पडलं होतं. हिनं दोन्ही रजया सकाळीच उन्हात टाकल्या होत्या आणि जेवणं झाल्यावर खोळी घालायला मला वर बोलावलं.

"टोकं धरा. टोकं. मधीच काय धरताय?"

"धरलंय की."

"इतकी वर्षं सोनं धरलं या हातांनी, आन् एक रजई धरता येईना."

पहिली नीट गेली. दुसरीची खोळ उलटी गेली, शिवण सगळी वर आली. मी म्हटलं, काढतो, परत घालू. ही म्हणाली, "ऱ्हाऊ द्या आता. उद्या सरळ करू." मग तिथंच कठड्याला टेकून बसली. थोड्या वेळानं म्हणाली, "चाकसूला जाऊन यायचं का एकदा?"

चाकसूला हिची धाकटी बहीण राहते. इथून टोंक रोडनं बसचा थोडका रस्ता. सहा महिने झाले, दोघी बहिणी बोलत नव्हत्या.

मी म्हटलं, "होळीनंतर शीतलामातेच्या मेळ्याला जाऊ की. दरवर्षी जातोच."

"मेळ्यापर्यंत?" ही माझ्याकडं बघत राहिली. "तुम्हाला काय सांगायचंय का?"

"कशाचं?"

"न्हाई, सांगायचं असलं तर."

"काय न्हाई," मी म्हटलं आणि रजई खांद्यावर टाकून खाली आलो.

सांगायचं होतं. सहा महिने सांगायचं होतं. तिच्या बहिणीची झाकलेली गोष्ट मी उघडी केली होती आणि बहिणीचा समज होता की हिनं केली. एवढीच गोष्ट आहे. ती आता लिहितोय, कारण ऐकणारी राहिली नाही.

मी सांगली जिल्ह्यातला, विट्याकडचा. चौथी झालो आणि शाळा सुटली. आमच्या भागातली माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पांगली. गलाई म्हणजे जुने दागिने वितळवून त्यातलं सोनं, चांदी वेगळी काढायची. विशीच्या आत मी जयपूरला आलो, आधी दुसऱ्याच्या भट्टीवर, मग स्वतःच्या. या धंद्यात एक नियम कुणी शिकवत नाही, पण जो पाळत नाही तो टिकत नाही. कुणाचं काय वितळलं हे बोलायचं नाही. कुणी बापाला न विचारता दागिना आणतो, कुणी बायकोला न सांगता. एकदा आमच्या शेजारचीच बाई सासूचा कपाळावरचा दागिना घेऊन आली. मी तो मुशीत टाकला आणि संध्याकाळी तिच्याच नवऱ्याबरोबर बसून चहा प्यालो. ते हिलासुद्धा कधी बोललो नाही. म्हणजे तोंड बंद ठेवायला मला येत होतं. येत नसतं तर एवढं लागलं नसतं.

हिची बहीण हिच्याहून आठ वर्षांनी लहान. सतराव्या वर्षी गावाकडं तिचं लग्न झालं. आठ महिन्यांत ती माहेरी परत आली. का आली ते मी विचारलं नाही. तिची पाठ हिनं बघितली होती, मी नाही. काडीमोड झाला. गावात राहणं अवघड झालं तेव्हा ही स्वतः जाऊन तिला जयपूरला घेऊन आली. तीन वर्षं ती आमच्यात राहिली. पहिले सहा महिने दार वाजलं की आतल्या खोलीत जायची. मग हळूहळू हसायला लागली, मला चिडवायला लागली. "दाजी, तुमच्या अंगाला तेजाबाचा वास येतोय, लांब बसा." त्या वर्षांत आमच्या घराला बरं वाटायचं.

मग आमच्याच भागातला, आमच्याच धंद्यातला एक मुलगा मी बघितला. त्याला एकट्याला भट्टीपाशी बसवून सगळं सांगितलं. तो म्हणाला, "मला चालतंय. पण आमच्या घरात सांगू नका." नाही सांगितलं. चाकसूला त्यांनी छोटं दुकान टाकलं, संसार चांगला झाला. एक मुलगा, मग सून, नात. चार वर्षांमागं तो नवरा वारला. गावाकडची जुनी माणसं सोडली तर ती गोष्ट ठाऊक असणारे आम्ही दोघं, ती स्वतः, आणि दोघी बहिणींचा भाऊ आणि भावजय. बाकी कुणी नाही.

शीतलामातेच्या मेळ्याला आम्ही दरवर्षी चाकसूला जायचो. त्या दिवशी चूल पेटवत नाहीत, आदल्या दिवशीचं थंड खायचं. दोघी बहिणी एका ताटात जेवायच्या, म्हाताऱ्या झाल्या तरी. गावाकडचं काहीतरी काढून हसायच्या. सून विचारायची, "मम्मीजी, क्या हुआ?" आणि दोघी आणखी हसायच्या.

आता हेळव्याचं सांगतो, कारण माझी चूक तिथून आली.

माझ्या लहानपणी आमच्या गावाला हेळवी यायचा. सुगी झाली की बैलावर बसून, चार-पाच वर्षांतनं एकदा. बैलाच्या गळ्यात मोठी घंटा. त्याच्याकडं आमच्या घराण्याची वही असायची. आजा ओट्यावर घोंगडं अंथरायचा, हेळवी वही उघडायचा आणि मागल्या पिढ्यांची नावं एका सुरात म्हणायचा. मग मधल्या वर्षांत कोण जन्मलं, कोण गेलं ते विचारून लिहून घ्यायचा. आजा सगळं सांगायचा. कोण दत्तक गेलं, कुणी दुसरी केली, कोण घर सोडून पळालं. एकदा माझ्या बापानं काहीतरी दडवायला बघितलं तर आजा खवळला, "हेळव्याफुडं खोटं बोलायचं न्हाई. पोटातलं सांगायचं." ते माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच.

आजा आणखी एक गोष्ट करायचा, ती मात्र मी विसरलो. वही उघडायच्या आधी तो ओट्यावरच्या परक्या माणसाला उठवायचा. "चला, आता आमचं घरचं हाय." पाहुणा असला तरी उठवायचा. आणि वाचून झालं की हेळवी वही फडक्यात बांधायचा. पुढच्या ओट्यावर गेला की आमच्या घरातलं अक्षर तोंडातनं काढायचा नाही.

माझा पुतण्या इथंच जन्मला, इथंच शिकला. कॉम्प्युटरच्या नोकरीला आहे. मराठी बोलतो, पण हिंदीच्या टेकूनं. गेल्या पावसाळ्यात त्यानं मोबाइलवर घराण्याचं झाड करायला घेतलं. एका रविवारी आमच्याकडं आला. ही मंदिरात भजनाला गेली होती.

"काका, आता तुम्हीच आहात ज्यांना सगळं माहीत आहे. मतलब, तुमच्यानंतर खतम."

हे ऐकून मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. जन्मभर लोकांनी मला दागिना किती तापवायचा एवढंच विचारलं. शिकलेलं पोरगं समोर बसून मला विचारतंय आणि मी सांगेन ते टिपतंय, असं पहिल्यांदाच झालं.

मी म्हटलं, "हेळवी झालास की रे तू."

"कोण?"

त्याला सगळं सांगितलं, बैल, घंटा, वही. तो खूष झाला. "बस, वही हूं मैं. डिजिटल हेळवी."

आमच्या वहीत बायकांची नावं नसायची, अमक्या गावची लेक, एवढंच. पुतण्या म्हणाला, यात बायकांचंपण लिहायचं, त्यांच्या माहेरचंपण. ते मला पटलं. मी हिच्या माहेरचं सांगायला लागलो आणि सांगता सांगता चाकसूच्या बहिणीपाशी आलो.

"मावशींचं लग्न?"

"दोन."

त्यानं मान वर केली. "दोन?"

मी पहिल्याचं नाव सांगितलं, गाव सांगितलं, तो वारला तेही सांगितलं.

"टाकू का हे, काका? पक्का?"

"टाक की. खरं ते टाक."

त्यानं विचारलं होतं. हे त्याच्या बाजूनं लिहून ठेवतो. मीही एक विचारलं, "हे दिसतं कुणाला?"

"जे जिवंत आहेत त्यांचं फक्त आपल्या फॅमिलीला. जे गेले त्यांचं सगळ्यांना."

"फॅमिली म्हणजे?"

"मतलब, ज्यांना मी आत घेतलं ते. आपली सगळी भावकी."

भावकी म्हटल्यावर माझ्या डोळ्यांपुढं घोंगड्यावर बसलेली चार माणसं आली. तो मोबाइलमधल्या ग्रुपबद्दल बोलत होता. त्यातल्या निम्म्या लोकांची तोंडं मी बघितलेली नाहीत.

ही भजनाहून आली तेव्हा पुतण्या चहा पिऊन निघाला होता. हिनं विचारलं, "काय चाललं हुतं?" मी म्हटलं, "जुनी नावं सांगत हुतो." तेही खरंच होतं.

पुढचं महिन्याभरात झालं. पहिला नवरा मेलेला, म्हणून त्याचं पान सगळ्या जगाला उघडं. त्याच्या नावापासून एक रेघ निघालेली आणि रेघेच्या टोकाला आमची मेहुणी. त्याच्या नातवानंही कुठंतरी आपल्या घराण्याचं झाड केलेलं. दोन झाडं जुळतात असं त्याला मोबाइलनंच कळवलं. मेहुणीचं पान झाकलेलं, पण तिचा चाकसूचा नवराही गेलेला, म्हणून त्याचं पान उघडं; ते धरून धरून तो नातीपर्यंत पोचला. ती इथं जयपुरात, गोपालपुऱ्याला होस्टेलवर राहून डॉक्टरकीच्या परीक्षेचा क्लास करते. त्यानं वाईट मनानं केलं नाही. लिहिलं, आपण नातेवाईक निघालो, तुझी आजी ही आमच्या आजोबांची पहिली पत्नी.

नातीनं घरी फोन केला. मग बहिणीनं हिला केला. ही फोन स्पीकरवर टाकून शेजारी ठेवून मेथी निवडत होती, म्हणून मला सगळं ऐकू आलं.

"आक्का, मी भाकरी थापत हुते. पोरगं जेवायला बसलेलं, सून वाढत हुती. फोन वट्यावर, आवाज मोठा. आन् पोरगी म्हणती, दादी, ये आपके पहले पति कौन हैं? भाकरी तव्यावर जळली, मला उलटता आली न्हाई."

"अगं बाई."

"पोरगं ताटावरनं उठलं. म्हणालं, पप्पांना ठाऊक हुतं? म्हटलं, हुतं. तर म्हणतंय, मग मलाच कशाला फसवलंस. दोन दिस झालं, माझ्याशी बोलंना. आक्का, चाळीस वर्षं मी कुणाला दिसू दिलं न्हाई. तुम्हा दोघांना ठाऊक. त्यातनं दाजी तर भट्टीवरची गोष्ट घरात आणत न्हाईत. मग ऱ्हायलं कोण?"

"मी कशाला सांगीन?"

"मग काय आभाळातनं पडलं?"

मी समोर भिंतीला टेकून बसलो होतो. तेव्हा बोललो असतो तर तासभर बोलणी खाल्ली असती आणि मिटलं असतं. मी उठून न्हाणीत गेलो आणि नळ सोडून उभा राहिलो.

ही चार दिवस विचार करत होती. मग हिनं ठरवलं की गावाकडची भावजयच बोलली असणार. तिला फोन लावला आणि नाही नाही ते बोलली. "तुझ्या तोंडाला झाकण कधी हुतं का?" भावानं फोन काढून घेतला. "माझ्या बायकोला चोर ठरवतीस व्हय? परत फोन करू नगंस." मी जेवत होतो. बास म्हटलं नाही, वाढ म्हटलं नाही. जेवत राहिलो.

पुतण्याला मी गाठलं. "काढ ते." त्यानं माझ्यासमोर काढलं. पण म्हणाला, "काका, आपल्या झाडातून गेलं. त्या मुलानं त्याच्या झाडात उतरवून घेतलंय. अजून दोन-तीन जणांनी घेतलंय."

"मग ते काढ."

"ते माझ्या हातात नाही."

"कुणाच्या हातात आहे?"

मी म्हटलं, काकूला यातलं काही बोलू नकोस.

रोज वाटायचं, आज सांगू. मग वाटायचं, काल सांगितलं नाही ते आज कोणत्या तोंडानं सांगू. हिच्या शिव्यांची भीती नव्हती. शिव्या मी आयुष्यभर खाल्ल्या. भीती दुसरीच होती. ही शेजारणींना सांगायची, आमचे हे तोंडाचे पक्के, यांच्या पोटातलं बाहेर येत नाही. तेवढी एकच गोष्ट ती माझी कौतुकानं सांगायची.

दिवाळी आली. भाऊबीजेला हिच्या भावाचा फोन यायचा, दरवर्षी, न चुकता. आला नाही. ज्यांना भाऊ नाही त्या बायका चंद्राला ओवाळतात. भाऊ जिवंत असून हिनं त्या दिवशी दिवेलागणीला गच्चीवर जाऊन चंद्राला ओवाळलं. वारा होता. निरांजन विझू नये म्हणून मी हाताचा आडोसा धरला होता. एवढं जवळ उभा होतो आणि तेव्हासुद्धा बोललो नाही.

दिवाळीनंतर भावाचे फोन परत सुरू झाले. मी म्हटलं, दिवस गेले, राग गेला. हिला काही विचारलं नाही. विचारलं तर विषय निघेल. चाकसूचा फोन मात्र नव्हताच.

आणि मग संक्रांतीनंतरची ती दुपार. गच्चीवरून खाली आल्यावर ही म्हणाली, जरा पडते. उलट्या खोळीची रजई पांघरून पडली. चारला मी चहा केला. "चहा झालाय," म्हटलं. परत म्हटलं. मग कप खाली ठेवला.

मुलगा बेंगलोरला, तो आल्याशिवाय न्यायचं नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी बाराची वेळ ठरली. पुतण्या एकेकाला फोन लावत होता. मी म्हटलं, चाकसूचा मी लावतो.

"बोला दाजी."

"तुझी आक्का गेली."

"कधी?"

"दुपारी. झोपेत."

तिच्या मागं कुकरची शिट्टी झाली. मग ती म्हणाली, "मी कशाला येऊ दाजी? तिनं एकदा तरी म्हणायचं हुतं, चुकलं माझं. मी पळत आले असते."

माझ्याभोवती माणसं होती. शेजारीपाजारी, पुतण्या, त्याची बायको. फोन कानाला होता. 'मी सांगितलं', दोनच शब्द होते. मी म्हटलं, "उद्या बारापर्यंत ठेवणार हाय."

"न्या," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी बारा वाजले, साडेबारा झाले. मी म्हणत होतो, थांबा जरा. फाटक वाजलं की बघायचो. शेजारचे माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "अंकलजी, किसी का इंतज़ार है क्या?"

"नहीं," मी म्हटलं. मग नेलं.

सगळं आटपून घरी आलो. संध्याकाळी पुतण्या माझ्याजवळ येऊन बसला, हातात मोबाइल. पोरगा चांगला आहे. त्याला माझ्यासाठी काहीतरी करायचं होतं आणि त्याला एवढंच येत होतं.

"काका, झाडात काकूंची तारीख टाकायची आहे."

"टाकली की काय होतं?"

"फोटोच्या खाली येते. आणि मग... त्यांचं पान खुलं होतं. सगळ्यांना दिसतं."

"जिवंत आहे तोवर झाकलेलं?"

"हो."

"मग टाकू नकोस. तुझ्या झाडात जिवंत राहू दे तिला."

"काका, पण असं कसं—"

"टाकू नको म्हटलं ना."

त्यानं मोबाइल खिशात ठेवला. तरी उठेना. नखं कुरतडत बसला. मग म्हणाला, "काका, एक गोष्ट आहे. काकूंनी सांगू नको म्हटलं होतं."

भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी ही त्याच्या घरी गेली होती. एकटी, रिक्षा करून. मला भाजी आणायला जाते म्हणाली होती. त्या रविवारचं माझं 'जुनी नावं सांगत हुतो' तिला आठवलं असणार. त्याच्यासमोर बसून विचारलं, माझ्या बहिणीचं तुला कुणी सांगितलं? त्याला खोटं बोलता आलं नाही. ऐकून हिनं तिथूनच गावाकडं फोन लावला आणि भावजयीची माफी मागितली. चूक आमच्या घरातली निघाली म्हणाली. कुणाची ते नाही म्हणाली.

"मी म्हटलं, काकू, चाकसूला पण करा ना फोन. तर म्हणाल्या..." पुतण्या मराठीत अडला, आठवून आठवून बोलला. "म्हणाल्या, तिला त्यांनीच सांगायला पाहिजे. मी सांगितलं तर ती त्यांच्याशी जन्मात बोलणार नाही. त्यांनी सांगितलं तर चार शिव्या देईल आणि बोलेल."

"आणि काय म्हणाली?"

"मी विचारलं, काकांनी नाहीच सांगितलं तर? हसल्या. म्हणाल्या, सांगतील. त्यांना वेळ लागतो."

भाऊबीजेपासून संक्रांतीपर्यंत ही माझ्यासमोर बसून भाजी निवडत होती, मला भाकरी वाढत होती आणि वाट बघत होती. बहिणीच्या मनात स्वतः वाईट राहिली, मला वाईट ठरू दिलं नाही. गच्चीवर विचारलं ते त्याचंच होतं. किती सोपं करून विचारलं होतं. आणि मी रजई उचलून खाली आलो.

सकाळी मुलगा उठायच्या आधी मी अंघोळ केली. सुतकात कुणाच्या दारात जायचं नसतं. त्याच्या उशाशी कागदावर "चाकसू" एवढं लिहून ठेवलं आणि टोंक रोडची बस धरली.

बहिणीचं घर दुकानाच्या मागं आहे. दार उघडंच होतं. मी उंबऱ्याबाहेर थांबलो. ती जमिनीवर बसली होती, डोक्यावर पदर, डोळे सुजलेले. आली नव्हती, पण रडली होती. तिचा मुलगा आणि सून तिथंच होते. सून पाणी घेऊन आली.

"सांगायला आलोय," मी म्हटलं आणि तिथंच सगळ्यांसमोर सुरू करणार होतो. तोंडात आलं होतं. तेवढ्यात मुलाकडं लक्ष गेलं. तो भिंतीकडं बघत होता, मी काय बोलतोय ते ऐकू येऊ नये असा. मला आजा आठवला, ओट्यावरच्या माणसांना उठवणारा.

"मला हिच्याशी एकटीशी बोलायचंय," मी म्हटलं.

दोघं आतल्या खोलीत गेले. सुतक तिलाही होतंच, तिचीही बहीण गेली होती. मी उंबरा ओलांडला, बाहेरचं दार लावलं, आतलंही लावलं, आणि तिच्यासमोर जमिनीवर बसून सांगितलं. मी सांगितलं होतं, हिनं नाही. हिला दिवाळीत कळलं, तरी हिनं माझं नाव घेतलं नाही.

तिनं शिव्या दिल्या नाहीत. तेवढं हिचं चुकलं.

"परवा फोनवर का न्हाई बोललासा?"

"माणसं हुती."

"माणसं." तिनं पदरानं तोंड पुसलं. "माझं सांगताना जगाफुडं सांगितलंसा. तुमचं सांगताना माणसं हुती."

हातातला पाण्याचा पेला मी जमिनीवर ठेवला.

"तोंड बघायचं हुतं मला तिचं."

"व्हय."

आतनं भांड्याचा आवाज आला, मग थांबला. ती उठली, खुंटीवरची शाल घेतली, आतल्या दारावर टकटक करून सुनेला म्हणाली, "जयपूर जाकर आती हूं." मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "तुमच्यासाठी येत न्हाई. तिचं घर हाय म्हणून येतीया."

मी बाहेरचं दार उघडलं. बसमध्ये ती पुढं बायकांच्या सीटवर बसली. तिच्या शेजारची जागा जयपूरच्या वेशीवरचं सांगानेर येईपर्यंत रिकामी होती. मी मागं उभा राहिलो, दांडा धरून.